पुडी आणि पाला

काचेचा पेला आमच्या घरात एकच होता. तोही फळीवर पालथा घातलेला. मुंबईचा पाहुणा आला तरच तो खाली उतरायचा. १९७४ साली, गौरी-गणपतीच्या आसपास, तो शेतकी खात्याच्या साहेबांसाठी उतरवला. पण चहासाठी नाही.

त्या साली मी नववीत होतो. ओढ्याकडच्या आमच्या तीन खाचरांत भात पोटरीला आलं होतं. आबांनी पहिल्यांदाच आंबेमोहोर सोडून 'जया' लावला होता. हे वाण १९६८ साली आलेलं. ठेंगणं, लोळत नाही, युरिया टाकला की काळंभोर होतं. आबा रोज बांधावर उभं राहून खुशीत बघायचे. आणि एका पंधरवड्यात पात्यांच्या कडा शेंड्याकडून पिवळ्या-पांढऱ्या होत खाली उतरायला लागल्या. भिंतीवर गळक्या पाण्याची रेघ उतरते तशी वेडीवाकडी कड. लांबून बघितलं तर कुणी खाचरावरून पलिता फिरवलाय असं वाटायचं.

साहेबांनी एक पातं तोडलं. हिरवं आणि पिवळं जिथं एकमेकांना मिळतं तिथं ब्लेडनं कापलं आणि तो तुकडा पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरला. आम्ही घरचे सगळे पेल्याभोवती. थोड्या वेळानं कापल्या टोकातून दुधासारखी बारीक धार निघाली आणि पाण्यात खाली उतरायला लागली.

"हे जिवाणू," साहेब म्हणाले. "बुरशीचा रोग असता तर अशी धार निघाली नसती. याला कडा करपा म्हणतात."

आजी उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "पात्यातनं दूध चाललंय, म्हंजी दान्यात काय उतरनार?"

रोगानं नुकसान कसं होतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. पुढं मी पुस्तकं वाचली, शिबिरं केली, पण यापेक्षा सोपं कुणी सांगितलं नाही.

साहेबांनी कागदावर औषधाचं नाव लिहून दिलं. पण ते येईपर्यंत आजी गप्प बसणारी नव्हती. "आदी खाचरातलं पानी फोड," ती आबांना म्हणाली. आबांनी बांधाला तोंड पाडून पाणी ओढ्याला काढून दिलं. मग तिनं ताजं शेण पाण्यात कालवलं, रातभर निवळू दिलं, सकाळी वरची निवळी काढून घेतली. त्यात निगडीचा पाला ठेचून पिळला. आणि निगडीच्याच डहाळीनं ते पाणी शिंपडत निघाली. मी बादली धरून मागं. बघतो तर म्हातारी रोगाची दोन खाचरं सोडून तिसऱ्या, अजून हिरव्या असलेल्या खाचरात शिरली.

"आजी, आजारी सोडून चांगल्याला कशाला औषद?"

"आरं, आग लागल्यावर जळालेल्या घरावर पानी मारत्यात, का शेजारच्या?"

हे मला कळायला चाळीस वर्षं लागली.

दोन दिवसांनी माझे चुलते, तात्या, औषध घेऊन आले. ते चिंचवडला कारखान्यात कामाला होते. हातात एवढीशी पुडी. सहा ग्रॅमची. आबांना वाटलं, हा नमुना असेल. नाव स्ट्रेप्टोसायक्लीन. तात्या म्हणाले, "लांब जायाची गरज न्हाई. हे आपल्या पिंपरीतच बनतंय. एच.ए. कंपनीत."

शेजाऱ्याचा पाठीवरचा पंप मागून आणला आणि तात्यांनी पुडी व तांब्याचं औषध मिळून तिन्ही खाचरांवर मारलं. पहिल्या दोन खाचरांत निम्म्यावर लोंब्या पळींज निघाल्या. तिसरं खाचर वाचलं. आजी म्हणाली, माझ्या निवळीनं वाचलं. तात्या म्हणाले, पुडीनं वाचलं. दोघांनीही एकाच खाचरावर मारलेलं. एक कोपरासुद्धा कोरा ठेवला नव्हता. त्यामुळं खरं कोण, ते आज पन्नास वर्षांनीही मला सांगता येत नाही. घरात मात्र निकाल लागला तो पुडीच्या बाजूनं. पुडी कंपनीची होती, छापील होती. आजी निरक्षर होती.

या रोगाचा आणि या पुडीचा इतिहास मी पुढं जमेल तसा गोळा केला. तो बराचसा आमच्याच आसपास घडला आहे, आणि आमच्याकडं तो कुणाला माहीत नाही, म्हणून थोडा सांगतो.

जपानातल्या शेतकऱ्यांना कडा करपा १८८४ पासून ठाऊक होता. भारतात तो पहिल्यांदा नजरेस आला तो आपल्याच राज्यात. १९५१ साली कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात. आमची मुळशी आणि तो मुलूख यांच्यामध्ये फक्त घाट. १९५९ साली श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल या तीन शास्त्रज्ञांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात या रोगाची नोंद केली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक एम. के. पटेल यांनी पिकांच्या जिवाणू रोगांचा अभ्यास उभा केला होता. आणि एम. जे. तिरुमलाचार हे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनीतले संशोधक. म्हणजे रोग ओळखणारी माणसं आणि त्यावरचं औषध बनवणारी कंपनी, दोन्ही आमच्या खाचरापासून काही कोसांच्या आत.

ही कंपनी १९५४ साली सरकारनं काढली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९५५ पासून तिथं पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. देशाला लागणारं औषध देशात बनावं, गरिबाला परवडावं, हा हेतू. तिरुमलाचारांनी तिथं मातीतल्या सूक्ष्म जीवांपासून बुरशी मारणारी औषधं शोधली. एकाचं नाव हॅमायसिन, कंपनीच्या नावावरून. ते ज्या जिवापासून निघतं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरीचं नाव असं शास्त्रात जाऊन बसलंय. दुसरं ऑरिओफंजिन, ते पिकांच्या बुरशीसाठी.

पुडीतलं स्ट्रेप्टोमायसिन मात्र अमेरिकेतलं. १९४३ साली न्यू जर्सीत वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याला ते मातीतल्या जिवात सापडलं. क्षयावर चालणारं ते पहिलं प्रतिजैविक. पिंपरीच्या पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लीन असायचं. दोन्ही माणसांचीच औषधं.

हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा थोरली आत्या आठवली. १९६६ च्या सुमारास तिला क्षय झाला होता. तिला सासरहून माहेरी आणून सोडलं होतं. भांडी वेगळी, अंथरूण वेगळं, पडवीत एकटी. तिला नव्वद सुया दिल्या. त्या स्ट्रेप्टोमायसिनच्या. आत्या बरी झाली, सासरी गेली, तिला नंतर दोन पोरं झाली. त्या औषधाचा कानावर परिणाम होतो. तिला शेवटपर्यंत ऐकू कमी यायचं, तिच्याशी मोठ्यानं बोलावं लागायचं. पण ती जगली. ज्या औषधानं माझी आत्या उठली तेच आम्ही खाचरावर बादलीनं ओतत होतो, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

बादलीनं म्हणतो ते उगीच नाही. पुडी स्वस्त, हलकी, खिशात मावणारी. पुडीवर मात्रा छापलेली असायची, पण ती वाचतो कोण? "टाक अजून एक, काय व्हतंय?" हा आमचा हिशोब. कडा करपा असो, तांबेरा असो, पान पिवळं पडो, पुडी मारायची. बुरशीवर आणि किडीवर तिचा काही उपयोग नाही, हेसुद्धा माहीत नव्हतं. उलट रोग वाढायचं खरं कारण आमच्याच हातात होतं. नवी ठेंगणी वाणं आणि जास्तीचा युरिया. पात लुसलुशीत झालं की जिवाणूला मोकळं रान. १९६३ साली बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात या रोगानं भाताचा धुव्वा उडवला होता. पुढं परदेशी ठेंगण्या वाणांबरोबर तो देशभर पसरला. आजी म्हणायची, "खाऊन माजलेलं पीक आजारी पडतंयच." आम्ही हसायचो.

१९७६ ला मी दहावी झालो आणि शेतीला लागलो. पुढं नव्वदच्या दशकात हिंजवडीत आयटी पार्क आलं. एम.आय.डी.सी.नं जमिनी घेतल्या. ओढ्याकडच्या तीन खाचरांपैकी दोन गेली. राहिलं ते तिसरं, अकरा गुंठ्यांचं, आजीनं निवळी शिंपडलेलं. त्यात आता इंद्रायणी लावतो, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला. तिन्ही बाजूंनी काचेच्या इमारती आहेत, पण भात त्यांच्याकडं बघत नाही, ते पाण्याकडं बघतं.

पुडीवरचा माझा विश्वास उडाला तो भातात नाही, डाळिंबात.

माझे दाजी सांगोल्याकडचे. दुष्काळी भाग. १९९९ साली त्यांनी पाच एकर डाळिंब लावलं. पहिले दोन बहार असे गेले की दाजींनी घर बांधलं, बहिणीच्या अंगावर दागिना आला. २००३ च्या सुमारास महाराष्ट्रात डाळिंबावर तेल्या वाढत गेला. हाही जिवाणूच, कडा करप्याच्या जिवाणूचा भाऊबंद. पानावर, फळावर तेल सांडल्यासारखे डाग, मग फळ तडकतं. दाजींच्या बागेत तो २००५ ला आला. त्याच वर्षी सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं, पण त्यांचा सल्ला वस्तीवर पोचायच्या आत दुकानदाराचा सल्ला पोचला होता. दर आठवड्याला पुडी. पाऊस झाला की पुन्हा पुडी. पुडीच्या मंजुरीत जी आठ पिकं होती त्यांत सफरचंद, घेवडा, लिंबूवर्गीय फळं, बटाटा, तंबाखू, टोमॅटो, भात आणि चहा होतं. डाळिंब त्यात नव्हतंच. पण बुडत्याला मंजुरी कोण विचारतो?

पहिल्या वर्षी फरक पडला. दुसऱ्या वर्षी कमी पडला. तिसऱ्या वर्षी पडलाच नाही. कारण साधं आहे. कोट्यवधी जिवाणूंत दहा-वीस असे असतात की ज्यांना औषध लागत नाही. आपण बाकीचे मारतो आणि त्या दहा-वीसांना शिवार मोकळं करून देतो. शिवाय जिवाणू ही औषध पचवायची युक्ती दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. शेतातली ही युक्ती दवाखान्यात पोचली तर माझ्या आत्यासारखी दुसरी कुणी बरी व्हायची नाही.

चौथ्या वर्षी एक माणूस वस्तीवर आला. 'संपूर्ण वनस्पतिजन्य, तेल्या आठ दिवसांत गायब.' बाटलीवर पानाचं चित्र. आत काय आहे, किती आहे, काही लिहिलेलं नव्हतं. दाजींनी बहिणीची बोरमाळ ठेवून त्या बाटल्या घेतल्या. तेल्या गायब झाला नाही. २००८ च्या उन्हाळ्यात जेसीबी लावून बाग उपटली. मी तिथं होतो. झाडं पेटवली तेव्हा दाजी म्हणाले, "पावनं, तुमच्या पिंपरीच्या पुडीनंबी फसवलं आन् झाडपाल्यानंबी." मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री परत येताना एकच विचार. आजीच्या पाल्यात काही होतं, का ती नुसती म्हातारीची समजूत?

मग मी विचारत गेलो. कृषी महाविद्यालयातल्या लोकांना, शिबिरात येणाऱ्यांना, जुन्या अंकांना. जे समजलं ते असं.

झाडाला पाय नाहीत. रोग आला तर पळता येत नाही. म्हणून ते स्वतःच्या अंगात औषधं बनवतं. भाताच्या पात्यावर रोग चढला की भातसुद्धा आपल्या पेशींत रोगाला मारक अशी द्रव्यं तयार करतं. आपण ज्याला झाडपाल्याचं औषध म्हणतो ते म्हणजे एका झाडाचं हत्यार दुसऱ्या झाडाला उसनं देणं.

लसणाचं बघा. अख्ख्या पाकळीला वास नसतो. पाकळी ठेचली की आतले दोन वेगळे ठेवलेले पदार्थ एकत्र येतात आणि त्यातून ॲलिसिन बनतं. तोच वास, तेच औषध. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हलिटो आणि बेली या दोघांनी ते वेगळं काढलं आणि ते जिवाणू मारतं हे दाखवलं. पण ॲलिसिन फार टिकत नाही. उकळलं की जातं, ठेवलं की उतरतं. म्हणजे लसूण ठेचायचा, थोडा थांबायचं, गाळायचं आणि त्याच दिवशी फवारायचं. कालचा अर्क म्हणजे वासाचं पाणी. आजी पाला कायम ताजा ठेचायची, शिळा वापरू द्यायची नाही, ते आठवलं.

हळदीत कुरकुमिन असतं. तेही जिवाणूला मारतं, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि उन्हात टिकत नाही. पंपात हळद टाकली की ती तळाशी बसते आणि वरचं नुसतं पिवळं पाणी पिकावर जातं. ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल. ही तेलं जिवाणूच्या अंगावरची साल फोडतात. पण जास्त झाली तर पिकाचं पानही करपवतात. कडुनिंबातलं निंबिन १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी वेगळं काढलं. कडुनिंबाचा खरा जोर किडीवर, जिवाणूवर तेवढा नाही. आणि डाळिंब! त्याच्या सालीत एवढं टॅनिन आहे की पोट बिघडल्यावर आपण ती साल उगाळून देतो. तरी डाळिंबाला तेल्या होतोच. औषध अंगात असलं म्हणजे रोग होत नाही असं नाही.

मग पाल्याचा उपयोग कुठं? कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठातल्या संशोधकांचं २००४ साली काम प्रसिद्ध झालं. त्यांनी धोतऱ्याच्या पानांचा अर्क भातावर वापरला. त्यानं कडा करप्याच्या जिवाणूला आळा तर बसलाच, पण भाताची स्वतःची ताकद जागी झाली. अर्क मिळालेलं पीक रोग यायच्या आधीच सावध झालं. त्याच विद्यापीठाच्या शिफारशीत कडा करप्यासाठी शेणाची निवळी आहे. लिटरला वीस ग्रॅम ताजं शेण, निवळून, गाळून, रोगाची पहिली खूण दिसताच, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. हे वाचलं आणि हातातला कागद खाली ठेवला. आजीची बादलीच ती. तिला फक्त ग्रॅम माहीत नव्हते.

आणि आग लागलेल्या घराचं उत्तरही तिथंच मिळालं. कडा करप्याचा जिवाणू पात्याच्या कडेला पाणी बाहेर पडायची बारीक छिद्रं असतात, त्यांतून किंवा जखमेतून आत शिरतो आणि पाणी वाहणाऱ्या शिरांत जाऊन बसतो. एकदा शिरेत बसला की पानावर मारलेला पाला त्याच्यापर्यंत पोचत नाही, पुडीही धड पोचत नाही. पाला हा दाराबाहेरचा राखणदार. चोर घरात शिरल्यावर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून म्हातारी हिरव्या खाचरात शिरली होती.

हे समजूनही मी २०१२ साली चूक केलीच. तेव्हा दशपर्णी अर्काचं वारं होतं. दोनशे लिटरच्या टाकीत पाच किलो कडुनिंबाचा पाला, निगडी, घाणेरी, करंज, सीताफळ, एरंड, रुई, पपई, गुळवेल, कण्हेर प्रत्येकी दोन किलो, शिवाय मिरचीचा ठेचा, लसूण, शेण, गोमूत्र. महिनाभर कुजवायचं, रोज ढवळायचं. मी सगळं नेमानं केलं. पण फवारला तेव्हा कडा करपा दिसून दहा दिवस झाले होते. आणि खाचरातलं पाणी फोडलं नव्हतं, युरियाही नुकताच टाकला होता. महिनाभर कुजवलेल्या टाकीत लसणाचं ॲलिसिन उरलेलं नसणार, हेही तेव्हा ध्यानात आलं नाही. अकरा गुंठ्यांतलं निम्मं भात पळींज झालं. शेजारी हसले. मी पाल्याला दोष दिला नाही. दोष दहा दिवसांचा होता.

त्या वर्षी मी वही घातली. तारीख, पाऊस, पहिला डाग कधी दिसला, काय मारलं, किती मारलं. आणि दरवर्षी खाचराचा एक कोपरा कोरा ठेवायचा, त्यावर काहीच मारायचं नाही. बायको म्हणायची, "पोटच्या पोराला उपाशी ठेवल्यावानी वाटतंय." मलाही वाटतं. पण कोऱ्या कोपऱ्याशिवाय खरं कळत नाही. १९७४ साली आमच्या घरात जो वाद झाला तो एवढ्याशा कोऱ्या कोपऱ्यानं मिटला असता.

नोंदीला किती किंमत असते याचा एक दाखला आपल्याच भागातला आहे. १९९४ साली युरोपात कडुनिंबाच्या तेलाचा बुरशीवरचा उपयोग हा जणू नवा शोध आहे, म्हणून एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकेच्या शेती खात्याला पेटंट मिळालं. वंदना शिवा आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याला हरकत घेतली. तिथं उपयोगी पडला तो पुणे आणि सांगली जिल्ह्यांतला पुरावा. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात इथल्या शेतकऱ्यांच्या रानात कडुनिंबाच्या तेलाच्या अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या. २००० साली पेटंट रद्द झालं आणि २००५ साली अपिलातही तोच निकाल राहिला. कडुनिंब आमच्याकडं शेकडो वर्षं वापरात आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. ज्यांनी चाचणी करून दाखवली त्यांच्यामुळं ते आपलं राहिलं.

माझ्या आजीच्या पाल्याची नोंद कुणी केली नाही. मीही केली नाही, आणि मी तर दहावी शिकलेला. ती १९८१ साली गेली. निगडी किती घ्यायची, कोवळी का जून, निवळीत किती वेळ ठेवायची, हे तिच्याबरोबर गेलं. तिला विचारायला मला सात वर्षं होती. मी तेव्हा पुड्या आणत होतो.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं शेतीतलं स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन बंद करायचा मसुदा काढला. १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण थांबवायचा, असं त्यात होतं. बातमी वाचून दाजींचा फोन आला. "आता काय मारायचं हो, पावनं?" त्यांनी दोन एकर डाळिंब पुन्हा लावलंय. मी म्हटलं, दाजी, आधी काय करायचं ते विचारा, मारायचं नंतर. रोगट फांद्या काढून जाळा, बागेला तीन-चार महिने विश्रांती द्या, पावसाळ्यातला मृग बहार सोडून हस्त बहार धरा, कात्री दर झाडाला निर्जंतुक करा, मोरचूद-चुन्याचं बोर्डो छाटणीनंतर मारा. पाला वापरायचा तर यांच्या जोडीला, आणि चांगल्या झाडावर, आधी. एकट्या पाल्याच्या भरवशावर बोरमाळ ठेवू नका. आणि चार झाडं कोरी ठेवा.

"चार झाडं रोगाला द्यायची?"

"शाळेची फी समजा," मी म्हणालो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या अकरा गुंठ्यांत कडा करप्याचा पहिला डाग दिसला तो पश्चिमेच्या बांधाकडं. त्याच दिवशी पाणी फोडलं. युरिया थांबवला. शेणाची निवळी तोलून केली. निम्म्या खाचरावर नुसती निवळी, निम्म्यावर निवळी आणि ताज्या निगडीचा रस, आणि एक कोपरा कोरा. कोऱ्या कोपऱ्यात रोग जास्त चढला, हे डोळ्यांनी दिसत होतं. निवळी आणि निवळी-निगडी यांत मला फरक दिसला नाही. म्हणजे आजीच्या बादलीतली निवळी खरी होती एवढं म्हणता येतंय, निगडीचं अजून ठरत नाही. एका वर्षावरून ठरतही नसतं. वहीत तसंच लिहिलंय.

नात सातवीत आहे, इंग्रजी शाळेत. तिला पात्याचा तुकडा कापून पेल्यातल्या पाण्यात धरायला लावला. घरात आता काचेचे पेले डझनभर आहेत. ती डोळे बारीक करून बघत राहिली. धार निघाली तेव्हा म्हणाली, "आबा, दूध!"

तिला मी आजीचं ते वाक्य सांगितलं. तिनं ते वहीत लिहिलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. मी सुधारल्या नाहीत.